विजेच्या वेळी झाडाचा आसरा नको

मराठवाडा व विदर्भ या भागांत वळवाचा पाऊस आणि परतीचा पाऊस बहुधा दुपारनंतर, मेघगर्जनेसह येतो. पहिल्याच्या वेळी शेतकरी मशागतीत गुंतलेला असतो, दुसऱ्याच्या वेळी सोयाबीनच्या काढणीत. सर येताच सारे बांधावरील झाडाखाली धावतात. भिजू नये म्हणून घेतलेला हा आसराच पुष्कळदा जिवावर बेततो.

उंच, एकाकी झाडावर वीज पडण्याचा संभव अधिक. ती खोडावरून जवळच्या माणसाकडे झेपावते आणि जमिनीतून चोहोकडे पसरते. जनावरांच्या पुढील व मागील पायांत अंतर असल्याने हा प्रवाह त्यांच्या शरीरातून जातो. म्हणून झाडाखाली बांधलेली बैलजोडी एकदमच दगावते. भिजलेले अंग वाळते. गेलेला जीव परत येत नाही.

याकरिता आसऱ्याची जागा ढग आल्यावर शोधावयाची नसून, हंगामापूर्वीच ठरवावयास हवी. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शिवारात फिरून जवळचे पक्के घर किंवा शाळा शेतकऱ्यांना दाखवून द्यावी. टपाची बंद मोटारही चालेल. उघडी खोप, पत्र्याचा मांडव व छताविना ट्रॅक्टर हे आसरे नव्हेत. तारेचे कुंपण व विजेचा पंप यांपासूनही दूर राहावे.

काम सोडल्यास नुकसान होते, असा आक्षेप घेतला जातो. परंतु ताडपत्री सकाळीच गंजीजवळ आणून ठेवल्यास ते बरेच टळते. रोजंदारीवरील स्त्रीपुरुष मालकाच्या शब्दावाचून काम सोडीत नाहीत. म्हणून पहिला गडगडाट ऐकताच मालकानेच काम थांबवावे, आणि त्या वेळेची मजुरी कापू नये. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे कोणीही शेतात परतू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ ॲप विजेची पूर्वसूचना देते. ते प्रत्येक वाडीवस्तीत निदान एकाच्या मोबाईलवर असावे.

उघड्या रानात अडकल्यास परस्परांपासून दूर व्हावे, पाय जुळवून उकिडवे बसावे. आडवे पडू नये. हा केवळ अखेरचा उपाय होय.

वीज पडलेल्या माणसास शिवू नये, हा समज तर सर्वांत घातक आहे. त्याच्या अंगात वीज उरत नाही. श्वास थांबला असल्यास तत्काळ छातीच्या मध्यभागी जोराने व वेगाने दाब देत राहावे आणि १०८ क्रमांकास कळवावे. बियाणे व खते यांची सिद्धता जशी पेरणीपूर्वी होते, तशीच ही सिद्धताही व्हावी. पिकाचे रक्षण हे शेतीचे काम आहे. पिकविणाऱ्याचे रक्षण हे त्याआधीचे काम आहे.