‘वाजवी’ म्हणजे किती तास?

उदगीरहून लातूरला जाणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरने किती तास काम करायचं, हे कायद्यात लिहिलेलं आहे. आधीच्या मोटार परिवहन कामगार कायदा, १९६१ मध्येही होतं : साधारणपणे दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८. त्याच एसटीने आलेला पेशंट सरकारी दवाखान्यात ऑपरेशनच्या टेबलावर जातो, तेव्हा त्याला टाके घालणारा रेसिडेंट कधीपासून जागा आहे, हे मात्र कुणी मोजत नाही.

नियम नाही असं नाही. केंद्राच्या १९९२च्या रेसिडेन्सी योजनेत सलग ड्यूटी सहसा १२ तासांच्या वर नको, असं म्हटलंय. पुढे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३च्या पीजी नियमांत आकडा गेला आणि शब्द आला : ‘वाजवी’. वाजवी तास काम, वाजवी विश्रांती. मी कोड लिहून पोट भरतो. मला एवढं कळतं की ‘वाजवी’वर अलार्म लावता येत नाही. आयोगाच्याच टास्क फोर्सने २०२४मध्ये आठवड्याला कमाल ७४ तास सुचवले. म्हणजे आकडा ठरवता येतो.

लातूर पॅटर्नमधून डॉक्टर झालेले माझे मित्र ३६ तासांची ड्यूटी शौर्यपदकासारखी मिरवतात. सलग १७ तास जागा माणूस रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखा ढिला पडतो, असं १९९७च्या ‘नेचर’मधल्या अभ्यासात दिसलं. आपल्याकडे ०.०३ टक्क्यांच्या वर गेलात तर गाडी चालवणं गुन्हा आहे. मग यात मिरवण्यासारखं काय?

सीनियर म्हणतात, तास कमी केले तर हात कधी बसणार? शिफ्ट बदलताना पेशंटची माहिती निसटते. मुद्दा खोटा नाही. अमेरिकेत सर्जरीच्या रेसिडेंटांवर झालेल्या मोठ्या अभ्यासात (२०१६) सलग शिफ्ट लांबवल्याने पेशंटचे मृत्यू वाढलेले दिसले नाहीत. पण त्यातल्या दोन्ही गटांना आठवड्याला सरासरी ८० तासांची मर्यादा होतीच. ‘मर्यादाच नको’ असं तो अभ्यास कुठेही म्हणत नाही.

तास मोजले की माणसं किती कमी आहेत ते उघडं पडेल. माणसं भरायला पैसे लागतात, रेसिडेंटचा थकवा फुकट मिळतो. म्हणून मागणी एवढीच : प्रत्येक रेसिडेंटचे तास नोंदवा, दर महिन्याला कॉलेजवार जाहीर करा, ७४च्या वर गेले की डीनला जाब विचारा. पुण्या-मुंबईला जाऊन झोप झालेला सर्जन शोधणं उदगीरच्या गरीब पेशंटला परवडत नाही.