पैठणचे पाणी आणि अण्णांची उधारी



दिवाळीनंतर आमचा पुण्याचा पुतण्या सहकुटुंब चीनची सहल करून आला. शांघायहून एका दिवसासाठी तो सुझौ या जुन्या कालव्यांच्या शहरी गेला होता. त्याची छायाचित्रे तलवाड्याच्या घरी आम्ही सर्वांनी पाहिली. दगडी कमानींचे पूल, पाण्याला खेटून उभी घरे आणि प्रत्येक घराच्या पायऱ्या थेट कालव्यात उतरलेल्या. बीजिंगपासून हांगझौपर्यंत सुमारे १,८०० किलोमीटर लांबीचा महाकालवा याच शहराजवळून जातो. शतकानुशतके त्यावरून धान्य आणि रेशीम वाहिले गेले. (एकोणिसाव्या शतकात चीनचे कच्चे रेशीम मुंबईमार्गे आपल्या येवल्याच्या विणकरांपर्यंतही पोहोचत असे.)

आईचे वय ८४. तिने चष्मा सावरून फोटो पाहिले आणि म्हणाली, "यांच्या पायऱ्या पाण्यात उतरल्या आहेत. आमचे तर अख्खे घरच उतरले."

आईचे माहेर गोदाकाठचे. ते गाव आज नाथसागराच्या तळाशी आहे. ती पुन्हा कधी त्या बाजूला गेली नव्हती, आणि आम्हीही तिला कधी विचारले नव्हते. पुढच्याच रविवारी पहाटे आम्ही गाडी काढली. गेवराई, शहागडचा पूल, पाचोड आणि पैठण.

प्रथम मुनिसुव्रतनाथ भगवंतांचे दर्शन घेतले. विसाव्या तीर्थंकरांची येथील श्यामवर्ण मूर्ती वालुकामय मानली जाते. शनी अमावास्येला येथे मोठी गर्दी असते. आम्ही गेलो तेव्हा सभामंडप शांत होता आणि आईला हवा तेवढा वेळ बसता आले.

पैठण म्हणजे सातवाहनांचे प्रतिष्ठान. पहिल्या शतकातील एका ग्रीक व्यापारी प्रवासवर्णनात हे नगर भडोचच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर असल्याचे लिहिले आहे. येथून अकीकासारखे खडे गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोच बंदराकडे जात. येथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर. तेथून कापड जाई. आपल्या पर्वाशीही या नगराचे नाते आहे. श्वेतांबर परंपरा सांगते की, भाद्रपद शुद्ध पंचमीला नगरात इंद्रोत्सव असल्यामुळे सातवाहन राजाच्या विनंतीवरून कालकाचार्यांनी संवत्सरी चतुर्थीला केली. मूर्तिपूजक बांधव आजही चतुर्थी पाळतात, स्थानकवासी पंचमी, आणि आम्हा दिगंबरांचे दशलक्षण पर्व पंचमीस सुरू होते. एका व्यापारी नगरीच्या सोयीने ठरलेली तिथी इतकी टिकावी याचे मला नेहमी नवल वाटत आले आहे.

हे सारे मी आईला सांगत होतो. तिचे लक्ष नव्हते. "पाणी कधी दाखवणार?" एवढेच तिने विचारले.

धरणाची भिंत सुमारे दहा किलोमीटर लांब, दरवाजे २७. पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि उद्घाटन २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांनी केले. धरण पैठणला असून नाव जायकवाडी का, हे आपल्या जिल्ह्यातील तरुणांना बहुधा ठाऊक नसते. जायकवाडी हे बीड जिल्ह्यातील गाव. मूळ योजना तेथे धरण बांधण्याची होती. महाराष्ट्र राज्य झाल्यावर नदीच्या वरच्या अंगाला, सुमारे १०० किलोमीटरवर, अधिक सोयीची जागा सापडली. धरण वर गेले आणि नाव आपल्याकडचे राहिले. धरणासोबत बुडीत रेषाही वर सरकली आणि आईच्या माहेरावर गेली.

सुमारे ३५० चौरस किलोमीटरच्या त्या पाण्यासमोर आई बराच वेळ उभी राहिली. मग हात वर करून एक दिशा दाखवली. ती बरोबर होती की नाही, कोण सांगणार? "तिकडे आपला घाट. पाणी गाळले की आजी जिवाणी परत त्याच घाटावर सोडायला पाठवायची. दुसऱ्या पाण्यात सोडलेली चालायची नाही."

मग तिने अण्णांच्या दुकानाची हकीकत सांगितली. अण्णा म्हणजे माझे आजोबा. गाव उठले तेव्हा मी सातवीत होतो; सामानाने भरलेल्या बैलगाड्या मला आठवतात, हिशेब मात्र आज प्रथमच कळला. घर आणि दुकान यांचा मोबदला मिळाला. उधारीचा कोण देणार? गावची कुळे वेगवेगळ्या वसाहतींत विखुरली. चोपडीत नावे होती, नावांना गाव उरले नव्हते. मामांनी वसुलीसाठी फिरावे असे म्हटले, तेव्हा अण्णांनी चोपडीला दोरा गुंडाळून ती कपाटात ठेवली. ज्यांचे शेत गेले त्यांच्या दारी तेल-गुळाचे पैसे मागायला जायचे नाही, असा त्यांचा निर्णय. मामा त्यावरून वर्षभर बापाशी बोलले नाहीत. पुढे दोन-तीन जण आपणहून येऊन पैसे देऊन गेले. बाकी बुडाले. अण्णांना नव्या जागी दुकान कधी नीट उभे करता आले नाही, आणि आईच्या धाकट्या बहिणीचे लग्न त्यामुळे तीन वर्षे लांबले.

मी पस्तीस वर्षे बँकेत काढली. गोदाकाठच्या शाखेत असताना पीककर्जाचे अर्ज माझ्यापुढे येत. सातबाऱ्यावर पाण्याच्या रकान्यात 'कालवा' दिसला की माझे पेन मोकळे चाले. ऊस, कापूस, कर्जमर्यादा वाढती. पैठणचा उजवा कालवा गेवराई तालुक्यातून पुढे माजलगावच्या धरणात उतरतो. त्याच्या पाण्यावर आपल्या अनेक कुटुंबांच्या अडत, किराणा आणि खतांच्या दुकानांनी बाळसे धरले. आमचेही धरले. ते पाणी कोणाच्या घरावरून येते, हा प्रश्न मला एकाही अर्जावर सही करताना पडला नाही. माझ्याच आजोळावरून येत असूनही नाही.

परतताना गेवराईच्या अलीकडे कालव्याला रब्बीचे आवर्तन सुटलेले दिसले. सूर्यास्ताला पाऊण तास होता, म्हणून डबा तेथेच उघडला. हे पाणी तिकडचेच, असे मी आईला सांगितले. ती वाहत्या पाण्याकडे पाहत राहिली.

"म्हणजे अण्णांची उधारी इकडे जमा झाली म्हणायची," ती म्हणाली, आणि दशमीचा तुकडा मोडून माझ्या हातावर ठेवला.

घरी आल्यावर मी मामेभावाला फोन केला. चोपडी अजून त्याच्याकडे आहे. पुढच्या आठवड्यात तो ती घेऊन येणार आहे. आईला त्यातली नावे वाचून हवी आहेत.