तारा तुटत नाही, पडतही नाही

मराठीत आपण ‘तारा तुटला’ म्हणतो, कानडीत ‘चुक्की बित्तु’. आपल्याकडे एकाच घरात दोन्ही ऐकू येतं. गंमत अशी, की दोन्हीकडे तारा बिचारा विनाकारण अडकलाय! तो आपल्या जागीच असतो.

गेल्या डिसेंबरात जेमिनिड उल्कावर्षाव पाहायला आम्ही शेजारीपाजारी गच्चीवर जमलो होतो. बारीक रेघा मोजता मोजता पोरं पेंगुळली आणि अचानक डोक्यावरून पश्चिमेकडे एक झगझगीत गोळा सरसरत गेला. क्षणभर आमच्या सावल्या पडल्या. आवाज मात्र काहीच नाही. पोरं दोन्ही भाषांत ओरडली. शेजारच्या अज्जी तेवढ्या गप्प झाल्या. त्यांचा नातू सैन्यात आहे. तारा निखळला की कुणीतरी जातं, असं त्या लहानपणापासून ऐकत आलेल्या. सकाळी नातवाचा फोन आला तेव्हाच त्यांनी चहा घेतला.

शुक्रापेक्षाही तेजस्वी दिसणाऱ्या उल्केला अग्निगोल म्हणतात. फेथॉन नावाच्या लघुग्रहाने आपल्या वाटेवर खडे आणि धूळ सांडून ठेवली आहे. दर डिसेंबरात पृथ्वी त्यातून जाते. सेकंदाला सुमारे ३५ किलोमीटर वेगाने येणाऱ्या खड्यापुढची हवा दाबली जाऊन तापते आणि जवळजवळ १०० किलोमीटर उंचीवर तो पेटतो. एवढ्या उजेडाला गोटीएवढा खडाही पुरतो. जो दरवर्षी ठरल्या तारखांना येतो, तो अपशकुन कसला?

भ्यायचंच असेल तर काचेला भ्यावं. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियातल्या चेल्याबिन्स्कवर मोठा अशनी फुटला. लखलखाट पाहून लोक खिडक्यांशी धावले. मिनिटाहून अधिक वेळाने हादरा पोचला, काचा फुटल्या आणि सुमारे १५०० माणसं जखमी झाली. म्हणून असा प्रचंड उजेड दिसला तर खिडकीपासून लांब व्हावं.

हे सगळं मी अज्जींना सांगितलं. त्या म्हणाल्या, “हौदा? मग पुढच्या वर्षी माझी खुर्ची बी वर ने. पण नातवाला फोन करायला मात्र सांग!”

मुलांना खरा शब्द शिकवायला आपल्याला तर सोपं आहे. मराठीत उल्का, कानडीत उल्के. १३ डिसेंबरच्या रात्री गच्चीवरचा दिवा मालवा, घोंगडी घ्या आणि अंधाराला डोळे सरावायला वीस मिनिटं द्या.