कच्च्या ताटाचा पक्का हिशेब

रीलमध्ये ते ताट फार देखणं दिसतं. स्टीलच्या भांड्यात कच्चं चिकन, बाजूला कलेजीचा तुकडा, वर एक अंडं आणि दोन ब्लूबेरी. खाली कॅप्शन असते की कुत्रा हा लांडग्याचा वंशज, त्याला त्याचं खरं अन्न द्या! ते बघून आपल्याकडेही घरातल्या चार-पाच कुत्र्यांना कच्च्या मांसावर ठेवायची टूम निघाली आहे. त्यामागे माया आहे, यात शंका नाही. पण हे ताट परदेशातून आलं ते एकटंच आलं. त्याच्यासोबतचा वेगळा डीप फ्रीझर, तपासलेलं मांस आणि जंतांच्या औषधाचं वेळापत्रक तिकडेच राहून गेलं.

या आहाराला ‘बार्फ’ म्हणतात. इयान बिलिंगहर्स्ट या ऑस्ट्रेलियन पशुवैद्यकाच्या १९९३ सालच्या पुस्तकामुळे तो गाजला. कच्चं मांस, कच्ची हाडं, थोडे आतले अवयव आणि थोडी भाजी असा त्याचा ढाचा. तो पाळणारे सांगतात की केस चमकतात, शी कमी होते. ते खोटं नाही. चरबी भरपूर आणि पचायला सोपं अन्न मिळालं की असं होतंच. पण तेच मांस शिजवून दिलं तरी फार काही बिघडत नाही.

राहिला लांडग्याचा मुद्दा. ‘नेचर’मध्ये २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात कुत्रा आणि लांडगा यांची जनुकं ताडून पाहिली होती. पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती कुत्र्यात लांडग्यापेक्षा कितीतरी जास्त सापडल्या. माणसाने शेती सुरू केली, तेव्हा उंबऱ्याबाहेर बसलेलं कुत्रंही भाकरी पचवायला शिकलं. मराठवाड्यात कारवानी कुत्रे पाळणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या त्यांना दूध-भाकरी घातली आणि त्याच जोरावर ती सशामागे धावली. नुसती भाकरी पुरते असं नाही, पण ‘धान्य म्हणजे विष’ हा रीलवरचा दावा टिकत नाही.

आता आपल्या गावाकडे वळू. छावणी ओलांडून दौलताबादकडे निघालं की पडेगाव लागतं. महापालिकेचा कत्तलखाना इथलाच. इथे किंवा कुठल्याही मटणाच्या दुकानाजवळ राहणाऱ्याला वजडी, फुप्फुस, कलेजी स्वस्तात मिळणं अवघड नाही. चार कुत्री सांभाळणाऱ्या विद्यार्थ्याला हा मोह पडणारच. नेमका धोका तिथेच आहे, आणि तो कुत्र्यापेक्षा माणसाला जास्त आहे.

शेळ्या-मेंढ्या आणि गुरांच्या यकृतात, फुप्फुसात कधी कधी पाण्याने भरलेल्या गाठी असतात. त्याला हायडॅटिड म्हणतात. अशी गाठ कुत्र्याने कच्ची खाल्ली की साधारण दीड महिन्यात त्याच्या आतड्यात बारीक फीतकृमी तयार होतात आणि त्यांची अंडी विष्ठेतून बाहेर पडू लागतात. कुत्रा मात्र ठणठणीत दिसतो. ती अंडी त्याच्या केसांना लागतात, मातीत मिसळतात, तिथून हाताला आणि भाजीला चिकटतात. माणसाच्या पोटात गेली की यकृतात किंवा फुप्फुसात गाठ वाढू लागते. वर्षानुवर्षं पत्ताच लागत नाही, आणि लागतो तेव्हा पुष्कळदा ऑपरेशन करावं लागतं. न्यूझीलंडने १९५९ साली यासाठी स्वतंत्र कायदा केला. कुत्र्यांना कच्चे अवयव घालणं थांबवलं, जंतांचं औषध नियमित केलं. २००२ मध्ये तो देश या आजारातून जवळपास मुक्त झाल्याचं जाहीर झालं. इतका मोठा आजार हटला त्यात ‘कुत्र्याला काय घालू नये’ याचा वाटा मोठा होता.

फ्रीझरमध्ये ठेवलं की झालं, असंही नाही. पुरेशा थंडीत काही दिवसांत या गाठी मरतात, पण साल्मोनेला तग धरून राहतो. एका फ्रिजमध्ये चौघांचा डबा, त्यात लाइट गेलेली आणि बाहेर मे महिन्याचं ऊन, अशा खोलीत कच्च्या चिकनची पिशवी ठेवणं म्हणजे रूममेटच्या पोटाशी खेळणं आहे.

आणि आकडे तर मांडाच. कच्च्या आहारात रोज वजनाच्या दोन ते तीन टक्के अन्न द्यावं, असा अंदाज सांगतात. वीस किलोच्या कुत्र्याला ४०० ते ६०० ग्रॅम. अशी पाच असतील तर महिन्याला ६० ते ९० किलो! खिसा कमी पडला की हाडं सुटतात, अवयव सुटतात, उरतं नुसतं मांस. त्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावाला. कुत्र्याला तर कॅल्शियम किमान फॉस्फरसइतकं तरी लागतं. ते मिळालं नाही की शरीर हाडांतून ओढून घेतं. वाढत्या पिल्लाचे पाय वाकतात, हाड सहज मोडतं. प्रेमाने भरवलेल्या पिल्लाचं असं व्हावं, याहून वाईट काय?

म्हणून आमचं म्हणणं सरळ आहे. घरचं द्या, पण शिजवून द्या. बिनहाडाचं चिकन, भात किंवा ज्वारीची भाकरी, भोपळा किंवा गाजर. कलेजी थोडीच, तीही अर्धा-पाऊण तास उकळून. अंड्याची टरफलं धुऊन, भाजून मिक्सरमध्ये पीठ करा, अर्धा किलो मांसामागे सपाट अर्धा चमचा. शिजवलेली हाडं अजिबात नको, त्यांच्या चिरफळ्या आतडी फाडतात. कांदा-लसूणही नको, म्हणजे उरलेली बिर्याणी बाद. प्रत्येकाचं भांडं वेगळं, थोडं लांब ठेवलेलं. एवढं करूनही काही कमी राहतंच, त्यामुळे पिल्लं आणि गाभण कुत्री असतील तर प्रमाण पशुवैद्यकालाच ठरवू द्या. जंतांच्या औषधाची तारीख मोबाइलमध्ये टाका.

रस्त्यावरच्या कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. २०२३ च्या नियमांनुसार आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशानुसार खाणं ठरवून दिलेल्या जागीच घालायचं आहे, आणि ती जागा स्वच्छ ठेवणं खाऊ घालणाऱ्याचं काम आहे. चौकात कच्च्या मांसाची पिशवी रिकामी केली की कुत्र्यांची भांडणं, माश्या आणि शेजाऱ्यांचा संताप, तिन्ही एकदम येतात. संतापाची किंमत शेवटी कुत्रंच चुकवतं.

तुमच्या ताटाकडे डोळे लावून बसलेल्या त्या चार-पाच जणांना लांडगा व्हायचं नाहीये. त्यांना रोज वेळेवर, पोटभर आणि निर्धोक जेवण हवंय. कुकरच्या तीन शिट्ट्यांनी ते होत असेल, तर रीलला लाइक द्या, पण गॅस पेटवा.