आडात नाही ते डॉकमध्ये कुठून?

“टाइप-सी आहे ना? मग सगळं चालतं!” डॉकिंग स्टेशन विकणाऱ्यांचं हे वाक्य आता घेणाऱ्यांच्याही तोंडी बसलंय. त्याचंच दुसरं टोक असं, की ज्याला पोर्ट जास्त तो डॉक चांगला.

हे मत अगदीच निराधार नाही. एकाच केबलनं चार्जिंग, मॉनिटर, कीबोर्ड, इंटरनेट असं सगळं जोडण्याची सोय टाइप-सीनंच केली, आणि बऱ्याच लॅपटॉपवर ती चालतेही. पण टाइप-सी हे नुसतं भोकाच्या आकाराचं नाव आहे. एका भोकामागे ५ गिगाबिटचं साधं यूएसबी असतं, त्यातून कधीकधी मॉनिटरला चित्रच जात नाही. दुसऱ्यामागे ४० गिगाबिटचा थंडरबोल्ट ४ असतो, तो दोन फोर-के मॉनिटर चालवतो. दिसायला दोन्ही जुळी भावंडं.

मी स्वतः फसलो ते असाच. खोक्यावर ठळक ‘फोर-के’ होतं. चित्र आलं, पण माउसचा बाण अडखळत चालायचा आणि खिडकी ओढली की मागून फरफटत यायची. केबल बदलली, मॉनिटरला शिव्या घातल्या. शेवटी सेटिंगमध्ये दिसलं : ३० हर्ट्झ. टाइप-सीत वेगवान तारांच्या चार जोड्या असतात. माझा डॉक त्यातल्या दोन यूएसबीला देत होता. उरलेल्या दोन जोड्यांतून माझ्या जुन्या लॅपटॉपचं डिस्प्लेपोर्ट १.२ फोर-के चित्र सेकंदाला तीसदाच पाठवू शकत होतं. डॉक निर्दोष होता. आडच उथळ होता.

यावर कुणी म्हणेल, डिस्प्लेलिंकचा डॉक घ्या, पोर्टची कटकटच नाही. २०२० चा एम१ मॅकबुक एअर एरवी बाहेरचा एकच मॉनिटर चालवतो, त्यावर या डॉकनं दोन चालतात. हे खरंच आहे. पण तिथं ड्रायव्हर घालावा लागतो, आणि चित्र दाबून लहान करून यूएसबीतून पाठवण्याचं काम लॅपटॉपच्या प्रोसेसरच्या गळ्यात पडतं. एक्सेलला चालेल, गेमला नाही. म्हणजे पाणी आडातलंच, फक्त दोर दुसरा.

विजेचंही तेच. डॉकवर १०० वॉट लिहिलेले असले तरी काही डॉक त्यातले दहा-पंधरा स्वतःसाठी ठेवतात. लॅपटॉपचा मूळ चार्जर १८० वॉटचा असेल, तर भरगच्च कामात चार्जिंगची खूण दिसत असतानाही बॅटरी उतरू शकते.

म्हणून निवड डॉकपासून नव्हे, लॅपटॉपपासून सुरू करावी. आपल्या मॉडेलच्या माहितीपत्रकात पोर्टची जात पाहावी, चार्जरवरचे वॉट वाचावेत, मॉनिटर किती आणि किती हर्ट्झचे हे ठरवावं. मॅक असेल तर आणखी एक खबरदारी : विंडोजवर दोन मॉनिटरना दोन वेगळी चित्रं देणारा एमएसटी डॉक मॅकवर दोन्हीकडे एकच चित्र दाखवतो. आणि एक फुल एचडी मॉनिटर, कीबोर्ड, माउस एवढंच जोडायचं असेल, तर साधा हब पुरतो. थंडरबोल्टचे पैसे पाण्यात घालू नयेत.

पोर्ट मोजायचे ते यानंतर. तेव्हा “टाइप-सी आहे ना?” असं दुकानदारानं विचारलं, तर “कुठला?” हा प्रश्न आपण विचारायचा.