ऐकणाऱ्याचा बोलण्याचा हक्क

१९५६ सालच्या फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत, तत्कालीन मुंबई राज्याच्या पाच मराठीभाषी जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत, आठवड्यातून दोनदा संध्याकाळी वीसएक गावकरी रेडिओभोवती जमत, पुणे केंद्रावरून त्यांच्यासाठीच सिद्ध केलेला अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकत, आणि तो संपला म्हणजे रेडिओ बंद करून ऐकलेल्या विषयाचा आपापसांत खल करीत. त्या चर्चेतून निघालेल्या शंका आणि तक्रारी मंडळाचा चिटणीस लिहून काढी, तो कागद आकाशवाणीच्या दफ्तरी जाई, आणि पुढील कार्यक्रमांतून त्यांपैकी काहींचा जबाब मिळे. युनेस्को आणि आकाशवाणी यांनी मिळून केलेल्या या प्रयोगाची चिकित्सा पॉल न्यूरथ या समाजशास्त्रज्ञाने टाटा समाजविज्ञान संस्थेच्या विद्यमाने केली, आणि तीत आढळून आलेली गोष्ट मला आजही अत्यंत मोलाची वाटते: जेथे श्रोत्यांचे मंडळ होते त्या गावांतील लोकांच्या ज्ञानात ठळक भर पडली, जेथे रेडिओ होता परंतु मंडळ नव्हते, तेथे ती नाव घेण्याजोगीही पडली नाही. यंत्र तेच, वक्ते तेच, ध्वनिलहरीही त्याच. फरक होता तो एवढाच, की एका ठिकाणी ऐकणाऱ्याला बोलण्याची मुभा होती आणि त्याच्या बोलण्याची दखल घेणारे कोणीतरी दुसऱ्या टोकाला बसलेले होते.

प्रसारमाध्यमांच्या विकासाची कथा आपण बहुधा यंत्रांची कथा म्हणून सांगतो. छापखान्यानंतर नभोवाणी, तिच्यानंतर दूरदर्शन आणि आता हातातला मोबाइल, असा तो क्रम. परंतु समाजाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचा प्रश्न हा आहे, की बोलणाऱ्याकडून ऐकणाऱ्याकडे जाणारा रस्ता जसजसा रुंद होत गेला, तसतसा उलट दिशेचा रस्ता रुंद झाला की बुजत गेला. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ सुरू केले तेव्हा मराठी वाचकवर्ग मूठभर होता. असे असताही पुढच्या सोळा-सतरा वर्षांतच, भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’मध्ये, सरकारी नोकरीतील पंचविशीचा एक तरुण ‘लोकहितवादी’ या नावाने पत्रे लिहू लागला, आणि ज्या समाजात तो वाढला होता त्याच समाजाची झाडाझडती त्याने त्या स्तंभांतून घेतली. मराठी गद्याच्या एका थोर ग्रंथाचा जन्म वृत्तपत्राला लिहिलेल्या पत्रांतून झाला, ही गोष्ट आपण पुरेशी ध्यानी घेतलेली नाही.

पण तो रस्ता सर्वांना खुला नव्हता. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. आंबेडकरांनी ‘मूकनायक’ हे पाक्षिक काढले, आणि त्याची जाहिरात, पैसे देऊ केले असताही, ‘केसरी’ने छापण्याचे नाकारले. राजद्रोहाचे खटले सोसून ज्या पत्राने परकीय सत्तेपुढे मान वाकवली नाही, त्याच पत्राच्या दारी स्वकीयांतील बहिष्कृतांच्या चार ओळींना जागा मिळू नये, याचे दुःख ‘केसरी’विषयी आदर बाळगणाऱ्यालाच अधिक व्हावयास हवे. मला ते होते. ज्यांना दुसऱ्याच्या पत्रात दाद मिळत नाही, त्यांना स्वतःचे पत्र काढावे लागते. आणि नावातच मुकेपण धारण करणारे ते पत्र केवढ्या खंबीर आवाजात बोलले!

आज प्रत्येकाच्या हाती बोलण्याचे साधन आहे, म्हणून हा प्रश्न निकालात निघाला असे अनेकांस वाटते. मला तसे वाटत नाही. पुण्याच्या त्या मंडळांत वीस माणसे एकमेकांच्या तोंडाकडे पाहून बोलत, आणि त्यांच्या प्रश्नाला कोठेतरी जबाब मिळे. आजच्या गर्दीत शब्द लाखो असले तरी जबाब देण्याचे दायित्व कोणावरच नाही.

ही उणीव भरून काढू शकेल असे साधन आपल्याजवळ आहे, ते म्हणजे सामुदायिक रेडिओ. २००६ साली केंद्र सरकारने स्वयंसेवी संस्थांना अशी केंद्रे चालविण्याची परवानगी दिली, आणि म्हसवडसारख्या दुष्काळी टापूतील गावीही ‘माणदेशी तरंग वाहिनी’ उभी राहिली, जेथे बोलणारे आणि ऐकणारे एकाच मातीतले आहेत. मात्र त्या परवान्याच्या शर्तींत स्वतंत्र वार्ता आणि चालू घडामोडी यांस मज्जाव आहे; बातम्या द्यावयाच्या तर आकाशवाणीच्याच, जशाच्या तशा. हवामान सांगता येते, रोजगाराची माहिती देता येते, गावची जत्राही सांगता येते. पण पाणीपुरवठ्याच्या कामात गफलत झाली, ही बातमी म्हणून सांगता येत नाही. तीच गोष्ट त्याच तालुक्यातील साप्ताहिक बिनदिक्कत छापू शकते, आणि तिच्या खरेखोटेपणाबद्दल कायद्यापुढे उत्तरदायी राहते. जी मुभा छापील अक्षराला आहे आणि जी जबाबदारी त्याच्यावर आहे, तीच मुभा आणि तीच जबाबदारी गावच्या आवाजालाही मिळावी, आणि ही शर्त सरकारने विनाविलंब रद्द करावी, अशी माझी मागणी आहे.