विश्लेषण : ऑफ-रोडसाठी गाडीचा ॲक्सल बदलावा का?

पावसाळा सुरू झाला की पुण्यातल्या थार, गुरखा, जिम्नी आणि जुन्या जिपा मुळशी, वेल्हे, पवन मावळच्या कच्च्या वाटांकडे वळतात. त्याच सुमारास गॅरेजमध्ये एक मागणी वाढते. आधी मोठे टायर, मग गाडीची उंची वाढवणे आणि शेवटी ‘हेवी ड्युटी’ ॲक्सल. हा खर्च लाखांत जातो. पण खर्चापेक्षा मोठा प्रश्न असा की, शनिवारी चिखलात उतरणारी हीच गाडी सोमवारी कात्रजच्या घाटातून कुटुंबाला घेऊन जाणार असते.

ॲक्सल नेमके काय करतो?

इंजिनाची ताकद गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केसमधून डिफरन्शियलपर्यंत येते. तिथे क्राऊन-पिनियन तिची दिशा बदलतात आणि दोन्ही बाजूंचे शाफ्ट ती चाकांना देतात. या सगळ्याला मिळून बोलीभाषेत ॲक्सल म्हणतात. २०२० मध्ये आलेल्या नव्या थारला मागे अखंड ॲक्सल आहे, तर पुढची दोन्ही चाके स्वतंत्रपणे वर-खाली होतात. जिम्नीला पुढे-मागे दोन्हीकडे अखंड ॲक्सल आहे. रांजणगावच्या कारखान्यात २०२१ पासून जुळणी होणाऱ्या जीप रँग्लरच्या रुबिकॉन आवृत्तीत दोन्हीकडे ‘डाना ४४’ या नावाने ओळखले जाणारे मजबूत ॲक्सल असतात. परदेशात कातळावर चालवण्यासाठी बांधलेल्या गाड्यांत त्याहून जड ‘डाना ६०’ वापरतात. ‘४४’ची क्राऊन साधारण साडेआठ इंच व्यासाची, तर ‘६०’ची पावणेदहा इंचांची असते.

तो तुटतो कशामुळे?

निव्वळ वजनामुळे क्वचितच. चाक हवेत गरगर फिरते आणि अचानक दगडावर टेकते, तेव्हा बसणारा झटका शाफ्टला पिळून काढतो. चाक दोन दगडांत अडकले असताना ‘लो’ गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला, तरी हेच होते. साध्या डिफरन्शियलमध्ये ताकद दोन्ही शाफ्टमध्ये समान वाटली जाते. डिफरन्शियल लॉक केले आणि एकाच चाकाला पकड असली, तर जवळपास सगळी ताकद त्या एका शाफ्टवर येते.

मोठे टायर यात भर घालतात. थारच्या २५५/६५ आर १८ टायरचा व्यास सुमारे ३१ इंच आहे. त्याजागी ३५ इंची टायर घातला, तर व्यास साधारण १३ टक्क्यांनी वाढतो. तेवढाच ओढीसाठी लागणारा जोर वाढतो, टायरचे वजन वाढते आणि शाफ्टवरचा ताणही वाढतो. स्पीडोमीटर ८० दाखवत असेल, तेव्हा गाडी प्रत्यक्षात ९० च्या वेगाने पळत असते. मूळ ओढ परत मिळवायची, तर क्राऊन-पिनियनचे गुणोत्तर बदलावे लागते. म्हणजे ॲक्सलची गरज अनेकदा वाटेमुळे नव्हे, तर आधी घातलेल्या टायरमुळे निर्माण होते.

उंची वाढवून फायदा होत नाही का?

होतो, पण अर्धवट. स्प्रिंग उंच केल्या की चासी वर जाते. अखंड ॲक्सलच्या डिफरन्शियलचा गोळा मात्र होता तिथेच राहतो, कारण तो चाकांच्या मध्यरेषेला बांधलेला असतो. त्याला वर उचलतो तो फक्त मोठा टायर आणि तोही व्यासातल्या वाढीच्या निम्माच. चार इंच मोठा टायर घातला, तर खाली दोनच इंच जास्त जागा मिळते. गाडीचा गुरुत्वमध्य मात्र वर जातो आणि घाटातल्या वळणावर कलंडण्याचा धोका वाढतो.

मजबूत ॲक्सल बसवल्यावर काय बदलते?

एक खरा फायदा आहे. जड ॲक्सलपैकी अनेक ‘फुल फ्लोटिंग’ प्रकारचे असतात. त्यात गाडीचे वजन हबच्या बेअरिंगवर असते आणि शाफ्ट फक्त चाक फिरवतो. शाफ्ट तुटला तरी चाक निखळत नाही. ‘सेमी फ्लोटिंग’ प्रकारात दोन्ही कामे शाफ्टच करतो.

तोटे मात्र रोजच्या रस्त्यावर दिसतात. स्प्रिंगखालचे वजन वाढले की खड्ड्यात चाक जास्त आपटते आणि ब्रेक लावताना पकड टिकवणे कठीण जाते. एबीएस आणि ईएसपी यंत्रणा मूळ चाके, वजन आणि सेन्सर गृहीत धरून जुळवलेल्या असतात. पुढे अखंड ॲक्सल टाकायचा, तर चासीवर कापाकापी आणि वेल्डिंग करावे लागते, स्टिअरिंगची जुळणीही नव्याने करावी लागते. शिवाय कमकुवत दुवा नाहीसा होत नाही, तो सरकतो. शाफ्ट पक्का केला, तर पुढचा बळी जॉइंट, प्रोपेलर शाफ्ट किंवा ट्रान्स्फर केसचा.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा ठरेल, असा बदल मालकाला करता येत नाही. केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका घेतली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२ अ आणले. त्यानुसार परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. तुटलेल्या शाफ्टच्या जागी उत्पादकाचाच शाफ्ट घालणे ही दुरुस्ती. वेगळ्या वजनाचा आणि वेगळ्या मापाचा ॲक्सल घालणे हा बदल. अपघात झाला, तर विम्याच्या दाव्यात पहिली अडचण इथेच येते.

मग कुणी बदलावा, कुणी नाही?

२०१४ पासून गोव्यात होणाऱ्या रेन फॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धेत उतरणाऱ्याला मजबूत ॲक्सल हवाच. पण ती गाडी फक्त स्पर्धेची असावी आणि ट्रेलरवरून न्यावी. महिन्यातून एकदा मुळशीकडे जाणाऱ्याची गरज वेगळी आहे. त्याच्या पैशांचा पहिला हक्क चिखलासाठीच्या योग्य टायरवर, पुढच्या-मागच्या पक्क्या ओढ-हुकांवर, चांगल्या पट्ट्यावर आणि दोन दिवसांच्या प्रशिक्षणावर आहे. हवेचा दाब गरजेपुरता कमी करून गाडी सावकाश काढणारा चालक शाफ्ट क्वचितच तोडतो. पाण्यातून गेल्यावर डिफरन्शियलचे तेल तपासणे आणि ते दुधाळ दिसल्यास बदलणे, हा काही लाखांचा ॲक्सल वाचवणारा काही शे रुपयांचा उपाय आहे. चासी गंजलेल्या जुन्या जिपेत तर आधी चासी पाहावी.

ताकद वाढली की वाट नसलेल्या जागी जाण्याचा मोहही वाढतो. सह्याद्रीच्या सड्यांवर मातीचा थर पातळ असतो. त्यात पडलेली चाकोरी वर्षानुवर्षे बुजत नाही. अभयारण्यात परवानगीशिवाय शिरणे हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याचा भंग आहे. आणि भाताच्या खाचराचा बांध हा कुणाच्या तरी पोटाचा प्रश्न आहे, ‘ऑब्स्टॅकल’ नव्हे.

सरकारने काय करायला हवे?

सरसकट बंदीने बदल थांबलेले नाहीत, ते फक्त तपासणीबाहेर गेले. सीएनजी किटला कायद्यात वाट आहे, कारण किटची चाचणी होते, मंजुरी मिळते आणि नोंद आरसीवर चढते. ॲक्सल, सस्पेन्शन आणि टायरच्या ठरावीक संचांसाठी अशीच पद्धत आणता येईल. त्यासाठी लागणारी यंत्रणा पुण्यातच आहे. १९६६ मध्ये स्थापन झालेली एआरएआय कोथरूडच्या टेकडीवर आहे, सीआयआरटी भोसरीत आहे आणि ट्रकचे फ्रंट ॲक्सल बीम घडवणारी भारत फोर्ज मुंढव्यात आहे. ब्रेक, कलंडण्याचा कोन आणि वेल्डिंग यांची चाचणी उत्तीर्ण झालेला संच अधिकृत गॅरेजमध्ये बसवू द्यावा आणि बाकीच्यांवर आजचाच दंड कडकपणे लावावा. तोपर्यंत हौसेसाठी रोजच्या गाडीचा ॲक्सल बदलू नये. त्या गाडीचे ब्रेक लागले नाहीत, तर किंमत शेजारून जाणारा दुचाकीस्वार मोजेल.